गिंडीच्या ललिताबाई : देशातील पहिली महिला इंजिनिअर

चेन्नईत येऊन स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना गिंडीचे इंजिनिअरिंग कॉलेज नवीन नाही. आपल्यातील कित्येकांची मुले-मुली तेथे शिकली, काही आजही शिकत आहेत. 1794 साली सर्वेक्षणाची शाळा म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत पहिली दीडशे वर्षे मात्र इंजिनिअर म्हणजे पुरुषच, असे ठरून गेलेले होते. ते गणित ज्यांनी बदलले त्या अय्यलसोमयाजुला ललिता यांची ओळख या लेखात करून देत आहे. त्या तेलुगू घराण्यातील आणि जन्माने मद्रासच्या. आम्हा रेल्वेवाल्यांना त्या आणखी जवळच्या वाटतात, कारण त्यांच्या नोकरीची सुरुवात रेल्वेतच झाली.

ललिताबाईंचा जन्म 27 ऑगस्ट 1919 चा. सात भावंडांतील त्या पाचव्या. वडील पप्पू सुब्बाराव हे गिंडीच्या कॉलेजात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते. घरातील मुलगे इंजिनिअर व्हायचे आणि मुलींची लग्ने लवकर व्हायची, ही त्या काळची रीत. त्याप्रमाणे 1934 साली, पंधराव्या वर्षी, ललिताबाईंचे लग्न झाले. 1937 साली पती वारले, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या आणि मुलगी अवघ्या चार महिन्यांची.

त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला काय येत असे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. महर्षी कर्व्यांनी पुण्यात जे काम उभे केले त्याच जातीचे काम मद्रासमध्ये सिस्टर सुब्बलक्ष्मी करीत होत्या. मरीनावरच्या आइस हाउसमध्ये त्यांनी बालविधवांसाठी वसतिगृह चालवले. पण तिथून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलींसाठी वाट असे ती बहुधा शिक्षिकेची.

ललिताबाईंनी क्वीन मेरीज कॉलेजातून इंटर पहिल्या वर्गात पास केले आणि पुढे काय, याचा विचार अगदी व्यवहारी पद्धतीने केला. डॉक्टर व्हावे तर रात्री-अपरात्री बोलावणे येणार, मग लहान मुलीला कोण पाहणार? ठरावीक वेळेची नोकरी हवी, म्हणून इंजिनिअरिंग. महत्त्वाकांक्षा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काहीतरी भव्यदिव्य येते. इथे तिचे मूळ पाळण्याशेजारी होते, पण त्यामुळे ती कमी दर्जाची ठरत नाही.

मुलींना प्रवेश देण्याचा प्रघातच नव्हता. सुब्बाराव यांनी प्राचार्य के. सी. चाको यांच्याशी आणि सार्वजनिक शिक्षण खात्याचे संचालक आर. एम. स्टॅथम यांच्याशी बोलणे केले. दोघांनी मान्यता दिली आणि शेकडो मुलांत एक मुलगी इलेक्ट्रिकलच्या वर्गात बसली. 1931 पासून बीच ते तांबरम विजेच्या गाड्या गिंडीवरून धावत होत्या, पण विजेचे शास्त्र शिकणारी मुलगी हे मात्र नवलच होते. त्या एकट्या पडत आहेत हे पाहून कॉलेजने आणखी मुलींना घेण्याचे ठरवले. पुढच्या वर्षी पी. के. त्रेसिया आणि लीलाम्मा जॉर्ज सिव्हिलला दाखल झाल्या. यातील त्रेसियाबाई पुढे केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या चीफ इंजिनिअर झाल्या. एकीसाठी उघडलेल्या दारातून दुसऱ्या कशा येतात याचा हा चांगला दाखला आहे.

1943 साली ललिताबाईंना पदवी मिळाली. छापील प्रमाणपत्रावर पुरुषवाचक सर्वनामच होते. ते खोडून स्त्रीवाचक करावे लागले, असे सांगतात.

त्यानंतर एक वर्षाची प्रॅक्टिकल ट्रेनिंग झाली ती जमालपूरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये. ज्यांनी वर्कशॉपमध्ये उमेदवारी केली आहे त्यांना तिथला धूर, तेल आणि आवाज ठाऊक आहे. 1944 साली त्या सिमल्याच्या सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिसात इंजिनिअरिंग असिस्टंट म्हणून रुजू झाल्या. आज आपण ज्याला आर. डी. एस. ओ. म्हणतो त्या लखनौच्या संस्थेत हे कार्यालय 1957 साली विलीन झाले. सिमला निवडण्याचे कारण म्हणजे तिथे भावाचे बिऱ्हाड होते, मुलीची सोय झाली.

1946 च्या अखेरीस त्यांनी ही नोकरी सोडली. वडिलांना संशोधनात मदत हवी होती. ज्या वडिलांनी दार उघडून दिले त्यांच्याच हाकेला ओ देऊन हातची नोकरी सोडावी लागली, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. पण घरच्या संशोधनावर संसार चालेना. 1948 साली त्या कलकत्त्याला असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीत लागल्या. तिथेही एक भाऊ राहत होता आणि वहिनीने मुलीला सांभाळले. ट्रान्समिशन लाइनचे डिझाइन, सबस्टेशनचे आराखडे, प्रोटेक्टिव्ह गिअर अशी कामे त्यांनी केली. भाक्रा-नानगल धरणाच्या जनरेटरच्या कामातही त्यांचा वाटा होता.

लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सने त्यांना 1953 साली असोसिएट सभासद व 1966 साली पूर्ण सभासद करून घेतले. 1964 साली न्यूयॉर्कला महिला इंजिनिअर व शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिला त्या हजर होत्या. परत आल्यावर 1967 च्या केंब्रिज परिषदेसाठी भारतातील इतर महिला इंजिनिअरांना पुढे आणण्याच्या कामात त्यांनी लक्ष घातले. 1977 साली त्या निवृत्त झाल्या आणि 12 ऑक्टोबर 1979 रोजी, साठाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यानंतर रेल्वेचे रूपही बदलले. आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा घेऊन रेल्वेत आल्या आणि आशियातील पहिल्या महिला लोको पायलट म्हणून नावाजल्या गेल्या. मार्च 2023 मध्ये त्यांनी सोलापूर-मुंबई वंदे भारत चालवली. वंदे भारत गाड्या आपल्या पेरंबूरच्या कारखान्यात जन्माला आल्या, हा योग आम्हा चेन्नईकरांना विशेष वाटतो. त्याच वर्षी जया वर्मा सिन्हा रेल्वे बोर्डाच्या पहिल्या महिला अध्यक्षा झाल्या.

तरीही शॉपमध्ये नवी ज्युनिअर इंजिनिअर मुलगी आली की तिला रजिस्टर आणि फाइलींपाशी बसवण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही. त्यात वाईट हेतू नसतो, काळजीच असते. पण मशीनला हात लावू दिला नाही तर दहा वर्षांनी तिला अनुभव नाही असे आपणच म्हणतो आणि बढतीच्या वेळी तेच कारण पुढे करतो. चाकोसाहेबांनी ललिताबाईंसाठी अभ्यासक्रम सोपा केला नाही, वर्गात जागा दिली आणि सोबतीला आणखी मुली आणल्या. घरी वहिनीने मुलगी सांभाळली. बाकीचे काम ललिताबाईंनी स्वतः केले. आपल्यापैकी ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत त्यांना चाकोसाहेबांचे काम करता येईल, आणि घरातील मोठ्यांना त्या वहिनीचे. दोन्ही कामांना वेगळा निधी लागत नाही, फक्त मनाची तयारी लागते.