शाईविना लिहिलेला ग्रंथ

मुठा गावाकडून येणारी नदी खडकवासल्याला पोचते, तिथे वर सिंहगड दिसतो. गडावर लोकमान्य टिळकांचा बंगला आहे. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या, ‘केसरी’तून सरकारला घाम फोडणाऱ्या टिळकांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली. मंडालेच्या तुरुंगात शाई मिळेना. मोजक्या पानांच्या वह्या आणि पेन्सिल यांवरच १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. १९१४ साली ते सुटले, तरी वह्या सरकारकडेच राहिल्या. मंडळी काळजीत, टिळक मात्र गडावर बसून सारे पुन्हा लिहिण्याच्या तयारीत! पुढे वह्या मिळाल्या, १९१५ साली ग्रंथ निघाला. १९२० साली ते गेले.

मी बँकेत जन्मभर शाईचे पेन वापरले. रोजच्या लिखाणाला हलके, न अडखळणाऱ्या निबचे पेन जरूर घ्यावे. पण लिहायचे काय, ते आधी मनात हवे.