रेव्हरंड टिळक : एका श्रद्धेचे मोल

फुलांमुलांचे कवी म्हणून नारायण वामन टिळक आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत. ‘केवढे हे क्रौर्य’ मधील घायाळ पक्षिणी वाचून कोणाचे मन हेलावले नसेल? परंतु ज्या श्रद्धेपायी त्यांचा संसार मोडला, तिची गाणी मात्र आपल्या वाचनात क्वचितच येतात.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. मातेचे छत्र बालपणीच हरपले, पिता तापट. तेव्हा हा मुलगा घर सोडून नाशिकला आला आणि संस्कृत शिकला. पुढे लक्ष्मीबाईंशी विवाह झाला, तरी पायाला भिंगरी कायमच राहिली. नोकरी धरावी आणि सोडावी, असा क्रम चालला. कोवळ्या अपत्यांचे मृत्यूही या दांपत्याने पाहिले.

१८९३ मध्ये आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. त्यानंतर दोन वर्षे मनात घोर द्वंद्व चालले. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तोही पत्नीला विश्वासात न घेता! ज्याचे काव्य वात्सल्याने ओथंबलेले, त्याच्याच हातून हा आघात व्हावा, हे विसरून चालणार नाही. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नातलगांकडे राहिल्या. चार-पाच वर्षांचा तो विरह होता. पुढे त्या अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) आल्या, तरी प्रथम आपला स्वयंपाक वेगळा ठेवूनच. टिळकांनी सक्ती केली नाही. सोवळ्याओवळ्याच्या कल्पना लक्ष्मीबाईंच्या मनातून आपोआप गळून पडल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला.

टिळकांच्या भक्तिगीतांतील आर्तता या पार्श्वभूमीवर समजते. त्या काळी मराठी चर्चमध्ये भाषांतरित गीते विलायती चालींवर गायिली जात. टिळकांनी ख्रिस्तभक्तीला अभंग आणि ओवीचे रूप दिले. तुकोबांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोचविले, अशी त्यांची धारणा होती. धर्म बदलला, पण मायबोलीची भक्तिपरंपरा त्यांनी सोडली नाही. म्हणूनच त्यांचा भक्त देवाशी भांडतो, रुसतो, त्याच्यासाठी झुरतो. त्यांची भजने मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात.

स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनासाठी ते झटले. बालकवींना तर त्यांनी आपल्या घरातच आसरा दिला. १९१७ मध्ये मिशनच्या पगारावर पाणी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्या दरबाराचे द्वार खुले होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते पूर्ण कोणी केले? ज्यांना न विचारता टिळक त्या वाटेने गेले होते, त्या लक्ष्मीबाईंनीच! त्यांचे शालेय शिक्षण काहीच नव्हते, तरी पुढील बहुतेक सर्व अध्याय त्यांच्याच लेखणीतून उतरले. ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना पतीचे दोष त्यांनी झाकले नाहीत, की प्रेमही लपविले नाही. श्रद्धेचे मोल टिळकांनी दिले खरे. पण त्यातील मोठा वाटा लक्ष्मीबाईंनी उचलला. टिळकांची गाणी वाचताना हे ऋण आपण ध्यानी ठेवावे.