शांतीचे पदयात्री विनोबा

मुलांनो, कोल्हापूरच्या महावीर उद्यानात एक स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात ज्यांचे घरदार सुटले, अशा पोलंड देशातील लोकांची ते आठवण देते. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे त्यांची छावणी होती. तिच्यात सुमारे पाच हजार माणसे राहत होती. त्यांत स्त्रिया आणि मुलेच जास्त होती. युद्ध १९४५ मध्ये संपले, पण छावणी रिकामी व्हायला आणखी काही वर्षे लागली. युद्ध थांबले तरी त्याने बेघर केलेली माणसे लगेच घरी पोहोचत नाहीत, हे यावरून तुमच्या ध्यानात येईल.

मग तोफा थांबल्यानंतरचे काम कोणी करायचे? तुटलेली मने कोणी जोडायची? हे काम आपले मानणाऱ्या एका थोर मराठी माणसाची ओळख आज आपण करून घेऊ. त्यांचे नाव आचार्य विनोबा भावे.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी रायगड जिल्ह्यातील गागोदे या लहानशा गावी झाला. त्यांचे मूळ नाव विनायक नरहरी भावे. आईच्या मुखातून संतांची वाणी ऐकत ते वाढले. शिक्षणासाठी ते बडोद्याला राहिले, पण त्यांचे मन परीक्षांमध्ये रमले नाही. १९१६ मध्ये परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण वाटेत सुरतेला उतरला आणि थेट काशीला गेला. त्याच वर्षी अहमदाबादच्या आश्रमात त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. त्या दिवसापासून त्यांच्या जीवनाला दिशा मिळाली. पुढे ते वर्ध्याला आले आणि नंतर धाम नदीच्या काठी पवनार येथे राहू लागले.

दुसरे महायुद्ध सुरू झाले, तेव्हा इंग्रज सरकारने हिंदुस्थानला न विचारताच युद्धात ओढले. याचा निषेध म्हणून गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. पहिला सत्याग्रही म्हणून त्यांनी कोणा मोठ्या पुढाऱ्याला नव्हे, तर विनोबांना निवडले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी युद्धाविरुद्ध भाषण केले. त्यांना तुरुंगात जावे लागले. १९४२ च्या आंदोलनातही त्यांना पकडण्यात आले आणि १९४५ पर्यंत ते तुरुंगातच होते.

विनोबांना भाषांची फार आवड होती. दुसऱ्याचा धर्म समजून घ्यायचा असेल, तर त्याचा ग्रंथ त्याच्या मूळ भाषेत वाचला पाहिजे, असे त्यांना वाटे. म्हणून प्रौढ वयात ते अरबी शिकले. तुम्ही लहानपणी जशी अलिफ, बे पासून सुरुवात केलीत, तशीच त्यांनीही केली. अक्षरे गिरवली, उच्चार घोटले आणि कुराण शरीफ मुळातून वाचले. ते नीट पठण करू लागले. कोणाशी वाद घालण्यासाठी त्यांनी हा अभ्यास केला नव्हता. शेजाऱ्याच्या मनात काय आहे, हे त्यांना जाणून घ्यायचे होते.

या अभ्यासाची खरी कसोटी लवकरच लागली. १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला, पण त्याचे दोन तुकडेही झाले. दंगलींत असंख्य माणसे मारली गेली. लाखो लोक बेघर झाले. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. अशा वेळी पंडित नेहरूंच्या विनंतीवरून विनोबा आश्रम सोडून दिल्लीला गेले आणि निर्वासितांमध्ये काम करू लागले.

दिल्लीजवळ गुडगाव, अलवर आणि भरतपूर या भागात मेव नावाचे मुसलमान शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. दंगलींमुळे त्यांतील पुष्कळांना गाव सोडावे लागले. परत यावे, तर घरात आणि शेतात दुसरेच लोक राहायला आलेले. तेही बहुधा पाकिस्तानातून सर्वस्व गमावून आलेले निर्वासितच! दोन्हीकडे दुःख होते आणि दोन्हीकडे राग होता. आता एकाला बसवायचे तर दुसऱ्याला उठवायचे काय? हा प्रश्न सोपा नव्हता. विनोबा दोन्ही बाजूंच्या लोकांना भेटले. त्यांनी त्यांची गाऱ्हाणी ऐकून घेतली. मेवांना आपल्या गावी पुन्हा वसवण्यासाठी ते कित्येक महिने झटले. देवाचे नाव घेऊन लोक भांडत होते. विनोबा देवाचेच नाव घेऊन त्यांना जवळ आणत होते.

१९५१ मध्ये तेलंगणातील पोचमपल्ली गावी भूदान चळवळीचा जन्म झाला. तेथेही जमिनीसाठी रक्त सांडत होते. गावातील भूमिहीन दलितांनी विनोबांकडे ऐंशी एकर जमीन मागितली. रामचंद्र रेड्डी या जमीनदाराने शंभर एकर जमीन देऊ केली. त्यानंतर सुमारे तेरा वर्षे विनोबा गावोगाव पायी फिरले. त्यांना मिळालेली सगळीच जमीन चांगली नव्हती आणि सगळी वाटलीही गेली नाही. परंतु मागून आणि समजावूनही माणसाचे मन वळवता येते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

या वाटेवर त्यांना मारही खावा लागला. १९५३ मध्ये बिहारातील देवघरच्या मंदिरात दलितांना सोबत घेऊन जाताना त्यांच्यावर हल्ला झाला आणि कानाला इजा झाली. १९५५ मध्ये पुरीच्या मंदिरात त्यांच्या सोबतच्या परदेशी बाईंना प्रवेश नाकारण्यात आला. तेव्हा विनोबाही दारातूनच परत फिरले. पण १९५८ मध्ये पंढरपूरला वेगळेच घडले. तेथे त्यांनी इतर धर्मांच्या सोबत्यांसह विठोबाचे दर्शन घेतले. त्यांच्यात मुसलमानही होते. ज्या दारातून आपला सोबती जाऊ शकत नाही, त्या दारातून आपणही जायचे नाही, हा त्यांचा नियम होता.

दंगली भडकल्यावर धावून जाणारी माणसे आधीपासून तयार असली पाहिजेत, असे त्यांना वाटले. म्हणून १९५७ मध्ये केरळात त्यांनी शांतिसेना उभी केली. या सैनिकांजवळ शस्त्र नव्हते. सेवा हेच त्यांचे शस्त्र होते. त्याच सुमारास विनोबा लोकांना जय जगत असे अभिवादन करू लागले. एका देशाचा जय म्हणजे दुसऱ्याचा पराजय, असे होऊ नये. साऱ्या जगाचाच जय व्हावा, हा त्यामागचा विचार होता.

१९५९ मध्ये ते काश्मीरमध्ये पायी फिरले. १९६२ मध्ये कुराणातील निवडक वचनांचा त्यांनी केलेला संग्रह प्रसिद्ध झाला. एका हिंदूने हे काम करावे, यावर काहींनी आधी आक्षेप घेतला. विनोबांनी त्याचा राग धरला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते पूर्व पाकिस्तानातून सोळा दिवस पायी चालत गेले. आज त्या प्रदेशाला बांगलादेश म्हणतात. फाळणीची जखम अजून ओली होती, तरीही तेथील लोकांनी त्यांना भूदान दिले.

पण त्यानंतर महिनाभरातच चीनशी युद्ध पेटले. चीनची चढाई विनोबांना अन्यायाचीच वाटली. तरी त्या देशातील सामान्य माणसाचा द्वेष करावा, हे त्यांना मान्य नव्हते. युद्ध थांबल्यावर, १ मार्च १९६३ रोजी शंकरराव देव या मराठी नेत्याच्या पुढाकाराने काही शांतिप्रेमी लोक दिल्लीहून पायी पेकिंगला निघाले. चीनने त्यांना प्रवेश दिला नाही आणि आसामातूनच त्यांना परतावे लागले. शांतीचे काम असेच असते. कधी दार उघडते, कधी उघडत नाही. तरी ते ठोठवावे लागते.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे विनोबांनी देह ठेवला. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न हा किताब देण्यात आला.

मुलांनो, कोल्हापूरच्या दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंगची इमारत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी १९०६ मध्ये या कामाला आरंभ केला. कुराण शरीफचे मराठी भाषांतर व्हावे, म्हणून त्यांनी पैसाही खर्च केला. शाहू महाराज राजे होते आणि विनोबा फकिरासारखे राहणारे. तरी दोघांनी एकच गोष्ट ओळखली होती. एकमेकांचे ग्रंथ आणि एकमेकांची भाषा कळली, की भीती कमी होते.

तुम्ही घरी आणि शाळेत उर्दू बोलता आणि या पुस्तकातून मराठी शिकता. विनोबा मराठी बोलत आणि त्यांनी अरबी शिकून घेतली. मराठीत आपण शांतता म्हणतो, उर्दूत तुम्ही अमन म्हणता. शब्द दोन आहेत, पण ज्याचे घर जळाले आहे, त्याला दोन्हींचा अर्थ एकच वाटतो. तुमचा मराठीचा हा अभ्यासही त्याच कामाचा एक लहानसा भाग आहे.