एडवर्ड जॉन राउथ

एडवर्ड जॉन राउथ (२० जानेवारी, १८३१, क्वेबेक, कॅनडा – ७ जून, १९०७, केंब्रिज, इंग्लंड) हे एकोणिसाव्या शतकातील इंग्रज गणितज्ञ आणि नामांकित गणितशिक्षक होते. विद्युत अभियांत्रिकीत नियंत्रण प्रणाली हा विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचे आडनाव ‘राउथ-हुर्विट्झ निकष’ या जोडनावात भेटते. एखादी स्वयंनियंत्रित यंत्रणा स्थिर राहील, की तिची आंदोलने वाढत जाऊन ती बेताल होईल, हे तिचे समीकरण न सोडवता साध्या अंकगणिताने ठरवण्याची रीत राउथ यांनी १८७७ साली दिली. हयातीत मात्र त्यांची कीर्ती या शोधामुळे नव्हे, तर केंब्रिजमधील त्यांच्या खाजगी शिकवणीमुळे पसरली होती.

जन्म आणि शिक्षण

राउथ यांचे वडील सर रँडॉल्फ इशम राउथ हे ब्रिटिश सैन्याच्या रसदखात्यातील वरिष्ठ अधिकारी होते. वॉटर्लूच्या लढाईच्या वेळी ते सेवेत होते. आई मारी लुईझ ही क्वेबेकमधील ताशरो या जुन्या फ्रेंच घराण्यातील होती. पुढे कॅथलिक पंथाचे कार्डिनल झालेले एल्झेआर-अलेक्सांद्र ताशरो हे तिचे बंधू.

वयाच्या अकराव्या वर्षी राउथ इंग्लंडला आले. १८४७ साली त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्रवेश घेतला. तेथे ऑगस्टस डी मॉर्गन हे गणिताचे प्राध्यापक होते. तर्कशास्त्रातील नियमांमुळे परिचित असलेल्या डी मॉर्गन यांचा जन्म भारतातील मदुराईचा. त्यांच्या अध्यापनाच्या प्रभावाने राउथ यांनी गणित हेच आपले क्षेत्र ठरवले. १८४९ साली लंडन विद्यापीठाची पदवी मिळवून १८५० मध्ये ते केंब्रिजच्या पीटरहाउस महाविद्यालयात दाखल झाले. तेथे विल्यम हॉपकिन्स हे त्यांचे खाजगी शिक्षक होते.

ट्रायपॉस परीक्षा आणि मॅक्सवेल

केंब्रिजच्या ‘मॅथेमॅटिकल ट्रायपॉस’ या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होणाऱ्यांना ‘रँग्लर’ म्हणत आणि त्यांतील पहिल्याला ‘सीनियर रँग्लर’. मराठी वाचकांना ही पदवी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या नावामुळे ठाऊक आहे. त्यांनी १८९९ साली हा मान मिळवला. तोवर राउथ यांनी शिकवणे थांबवून अकरा वर्षे झाली होती.

१८५४ च्या परीक्षेत राउथ पहिले आले. दुसरा क्रमांक जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचा लागला. त्यानंतरच्या स्मिथ पारितोषिकासाठी मात्र दोघांना समान ठरवण्यात आले. मॅक्सवेल हेही आरंभी पीटरहाउसमध्येच होते, नंतर ते ट्रिनिटी महाविद्यालयात गेले. विद्युतचुंबकीय सिद्धांताचा कर्ता परीक्षेत दुसरा आला, हा परीक्षांच्या मर्यादेचा दाखला म्हणून वारंवार सांगितला जातो. परंतु त्यात राउथ यांच्यावर थोडा अन्याय होतो. ठराविक वेळात अवघड प्रश्न अचूक सोडवण्याची त्यांची शक्ती असामान्य होती आणि पुढे मॅक्सवेल यांनीच विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर याच शक्तीने दिले.

अध्यापन

राउथ यांचा अध्यापनातील प्रवेश एका मित्राच्या आजारपणामुळे झाला. पीटरहाउसचे विल्यम जॉन स्टील हे गंभीर आजारी पडले, तेव्हा त्यांच्या विद्यार्थ्यांना राउथ यांनी शिकवले. मात्र शुल्क स्टील यांनीच घ्यावे असा आग्रह धरला. १८५५ साली स्टील यांचे निधन झाले आणि ते विद्यार्थी राउथ यांच्याकडेच राहिले. त्याच वर्षी ते पीटरहाउसचे फेलो झाले.

त्या काळी केंब्रिजमध्ये विद्यापीठाच्या व्याख्यानांवर विसंबून ट्रायपॉसमध्ये वरचा क्रमांक मिळवणे जवळजवळ अशक्य होते. खरे अध्यापन खाजगी शिक्षकांकडे होई. राउथ विद्यार्थ्यांचे लहान गट करत आणि ठरलेल्या वेळी तासाला आरंभ करत. त्यांनी स्वतः लिहिलेली टिपणे शेजारच्या खोलीत ठेवलेली असत. विद्यार्थ्यांनी ती उतरवून घ्यायची. दर आठवड्याला उदाहरणांची एक प्रश्नपत्रिका दिली जाई आणि तिचे गुण सर्वांना दिसतील असे लावले जात. या पद्धतीत चमकदार वक्तृत्वाला जागा नव्हती. क्रम, उजळणी आणि चोख तपासणी यांवर सारा भर होता.

फळ थक्क करणारे होते. १८५५ ते १८८८ या काळात सहाशेहून अधिक विद्यार्थी त्यांच्याकडे शिकले आणि त्यांतील पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर झाले. १८६२ पासून सलग वीस वर्षे तर हा मान राउथ यांच्या विद्यार्थ्यालाच मिळत गेला. १८८० च्या यादीत जोसेफ लार्मर पहिले आणि इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. थॉमसन दुसरे, दोघेही राउथ यांचे विद्यार्थी. लॉर्ड रॅली, जॉर्ज डार्विन आणि तत्त्वज्ञ आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड हेही त्यांच्याच वर्गातून गेले. रॅली आणि थॉमसन यांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले.

शिकवणीच्या या पद्धतीने विद्यार्थ्यांना परीक्षेपुरते घडवले, संशोधनाची वृत्ती दिली नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. तथापि वरील नावे पाहता तो राउथ यांना पुरता लागू करणे कठीण आहे.

विवाह

ग्रिनिच वेधशाळेतील एका जागेच्या निमित्ताने राउथ यांचा राजज्योतिषी जॉर्ज बिडेल एअरी यांच्याशी परिचय झाला. ती नोकरी झाली नाही, परंतु १८६४ साली एअरी यांची ज्येष्ठ कन्या हिल्डा हिच्याशी त्यांचा विवाह झाला. तत्कालीन नियमाप्रमाणे विवाहामुळे त्यांना फेलोपद सोडावे लागले. त्यांना पाच मुलगे आणि एक मुलगी झाली.

नियंत्रणशास्त्राच्या इतिहासात हे नाते लक्षात ठेवण्याजोगे आहे. पृथ्वीच्या परिवलनाबरोबर दुर्बीण एकसारख्या वेगाने फिरत राहावी म्हणून तिला नियंत्रकयुक्त घड्याळी यंत्र जोडत. हे यंत्र काही वेळा सावरण्याऐवजी उलट जोराने हेलकावे खाऊ लागते, असे एअरी यांना आढळले आणि १८४० साली त्यांनी त्याचे गणिती विवेचन केले. जो प्रश्न पुढे जावयाने सोडवला, त्याची एक बाजू सासऱ्यांनी अशी आधीच पाहिली होती.

स्थैर्याचा प्रश्न

वाफेच्या इंजिनाचा वेग कायम राखण्यासाठी जेम्स वॉट यांनी १७८८ च्या सुमारास फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर वापरात आणला. इंजिनावरचा भार वाढून वेग मंदावला की गोळे खाली येतात आणि वाफेची झडप अधिक उघडते. वेग वाढला की गोळे वर जातात आणि झडप मिटू लागते. यालाच आज आपण फीडबॅक म्हणतो. अडचण अशी, की ही दुरुस्ती तत्काळ होत नाही. झडप उघडेपर्यंत वेग आणखी उतरलेला असतो, आणि वेग पूर्ववत होईपर्यंत झडप गरजेपेक्षा जास्त उघडी राहते. मग वेग मर्यादेपलीकडे जातो, पुन्हा खाली येतो आणि इंजिन सतत खालीवर होत राहते. गव्हर्नर अधिक संवेदनशील केला तर हा दोष कमी होण्याऐवजी वाढतोही.

१८६८ साली मॅक्सवेल यांनी गव्हर्नरांवर एक निबंध प्रसिद्ध केला. यंत्र समतोलापासून जरासे ढळले असता त्याची गती एका समीकरणाच्या मुळांवर अवलंबून असते आणि प्रत्येक मुळाचा वास्तव भाग ऋण असला तरच विचलन ओसरते, असे त्यांनी मांडले. एकही वास्तव भाग धन असला तर विचलन वाढत जाते. तिसऱ्या कोटीच्या समीकरणासाठी त्यांनी पूर्ण अट शोधली, पण त्यापुढच्या कोटींसाठी सर्वसाधारण नियम त्यांना मिळाला नाही. त्याच वर्षाच्या आरंभी लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत त्यांनी हा प्रश्न उपस्थित गणितज्ञांपुढेही ठेवला होता.

१८७५ साली केंब्रिजच्या अ‍ॅडम्स पारितोषिकासाठी गतीच्या स्थैर्याचा निकष हा विषय जाहीर झाला. विषय ठरवणाऱ्या परीक्षकांत मॅक्सवेल होते. शनीच्या कड्यांच्या स्थैर्यावरील निबंधासाठी त्यांनी स्वतः १८५७ साली हेच पारितोषिक मिळवले होते. १८७७ चे पारितोषिक राउथ यांना मिळाले आणि त्यांचा प्रबंध त्याच वर्षी ग्रंथरूपाने निघाला. एक वाजवी गणित करावयाचे तर, दिवसभर शिकवण्या आणि आठवड्याला प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे तपासून जो वेळ उरे, त्यात हे काम झाले.

राउथ यांचा निकष

समीकरणाचे सगळे सहगुणक धन असणे स्थैर्यासाठी आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. विद्यार्थ्यांची पहिली चूक येथेच होते. तिसऱ्या कोटीचे एक समीकरण घेऊ. त्याचे सहगुणक उतरत्या घातांनुसार १, १, २ आणि क असे आहेत. क हा यंत्रणेतील गेनवर अवलंबून आहे असे मानू. राउथ यांच्या कोष्टकात एकाआड एक सहगुणक घेऊन पहिली ओळ १, २ अशी आणि दुसरी १, क अशी लिहितात. तिसऱ्या ओळीचे पद तिरप्या गुणाकारांच्या वजाबाकीला दुसऱ्या ओळीच्या पहिल्या पदाने भागून मिळते. येथे ते २ वजा क येते. चौथ्या ओळीत क उरतो. पहिला स्तंभ असा: १, १, २ वजा क, क.

या स्तंभात चिन्ह जितक्या वेळा बदलते, तितक्या मुळांचे वास्तव भाग धन असतात. म्हणून क हा ० आणि २ यांच्या दरम्यान असेल तेव्हाच यंत्रणा स्थिर राहील. क बरोबर ८ घेतल्यास स्तंभ १, १, उणे ६, ८ असा होतो. चिन्ह दोनदा बदलले, म्हणजे दोन मुळे घातक आहेत. पडताळा सोपा आहे: या समीकरणाचे एक मूळ उणे २ असून उरलेल्या दोन संमिश्र मुळांचा वास्तव भाग अधिक अर्धा येतो. क बरोबर २ असताना तिसरी ओळ शून्य होते आणि यंत्रणा न वाढणारी, न ओसरणारी आंदोलने करत राहते. कोष्टकात शून्य आल्यावर काय करावे, हेही राउथ यांनी सांगितले आहे.

तिसऱ्या कोटीपुरता असा निष्कर्ष मॅक्सवेल यांच्या अटीतूनही निघतो. राउथ यांच्या रीतीचे मोल हे, की ती पाचव्या किंवा दहाव्या कोटीलाही तशीच चालते. पाचव्या कोटीपासून पुढे मुळे काढण्याचे सर्वसाधारण बीजगणिती सूत्रच अस्तित्वात नाही, हे ध्यानात घेतले की मुळे न काढता त्यांची जागा सांगण्याचे महत्त्व पटते. आज संगणक मुळे क्षणात काढून देतो; पण गेन अक्षररूपात ठेवून त्याची सुरक्षित मर्यादा मिळवायची तर हे कोष्टकच कामी येते.

निकषाला मर्यादाही आहेत. यंत्रणा स्थिर आहे की नाही एवढेच तो सांगतो, ती अस्थैर्याच्या किती जवळ आहे हे थेट सांगत नाही. समीकरण बहुपदी रूपात नसेल, उदाहरणार्थ यंत्रणेत निव्वळ कालविलंब असेल, तर तो जसाच्या तसा लागू पडत नाही. अशा ठिकाणी हॅरी नायक्विस्ट यांची १९३२ ची पद्धत उपयोगी पडते.

राउथ यांच्या कामाची माहिती नसताना झुरिच येथील गणितज्ञ अडोल्फ हुर्विट्झ यांनी १८९५ साली हाच निकष निश्चयकांच्या रूपात मांडला. त्यांना हा प्रश्न ऑरेल स्टोडोला या सहकारी अभियंत्याने विचारला होता आणि तो पाण्यावर चालणाऱ्या टर्बाइनच्या नियंत्रणातून निघाला होता. दोन्ही रूपे सममूल्य असल्याने निकषाला जोडनाव मिळाले.

अन्य कार्य

दृढ वस्तूंच्या गतिकीवरील त्यांचा ग्रंथ १८६० साली निघाला, त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या आणि जर्मन भाषांतरही झाले. यामिकीतील ‘राउथियन’ हे फलन त्यांच्याच नावाने ओळखले जाते. भूमितीतही त्यांच्या नावाचा एक सिद्धांत आहे: त्रिकोणाची प्रत्येक बाजू ओळीने १:२ या प्रमाणात विभागून ते बिंदू समोरच्या शिरोबिंदूंना जोडले, तर मध्ये तयार होणाऱ्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ मूळ त्रिकोणाच्या एक-सप्तमांश असते. हा त्या सिद्धांताचा एक विशेष प्रकार होय.

१८७२ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. विवाहामुळे ज्या पीटरहाउसचे फेलोपद गेले होते, त्याच महाविद्यालयाने १८८३ साली त्यांना सन्माननीय फेलो केले. १८८८ मध्ये त्यांनी शिकवणे थांबवले, तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांनी ह्यूबर्ट फॉन हेर्कोमर या चित्रकाराकडून त्यांचे व्यक्तिचित्र काढवून घेतले आणि ते हिल्डा राउथ यांना भेट दिले. निवृत्तीनंतर त्यांनी स्थितिकीचे दोन खंड आणि कणाच्या गतिकीवरील ग्रंथ पूर्ण केला. ७ जून, १९०७ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन जवळच्या चेरी हिंटन या गावी करण्यात आले.