जनरल थिमय्या

कोदंडेरा सुबय्या थिमय्या यांचा जन्म १९०६ साली कूर्गमधील मडिकेरी येथे झाला. इंग्लंडातील सँडहर्स्ट येथे त्यांनी लष्करी शिक्षण घेतले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले. १९४८ साली त्यांनी जोझिला खिंडीत रणगाडे नेले. इतक्या उंचीवर रणगाडे येतील, हे शत्रूच्या ध्यानीमनीही नव्हते. तथापि त्यांची सर्वांत कठीण कामगिरी रणांगणावरची नव्हे.

१९५० साली कोरियात युद्ध पेटले. उत्तरेच्या पाठीशी चीन व रशिया होते, दक्षिणेच्या पाठीशी अमेरिका. दोन्ही पक्ष थकले, तरी तह अडून राहिला. दक्षिणेच्या पक्षाने पकडलेल्या हजारो कैद्यांना मायदेशी परतायचे नव्हते. त्यांना परत द्यावेच, असा एका पक्षाचा हट्ट. बळाने मुळीच धाडणार नाही, असा दुसऱ्याचा. भारत तेव्हा नुकता स्वतंत्र झाला होता. त्याच्यापाशी धन नव्हते, की फार मोठे सामर्थ्य नव्हते. पण तो कोणत्याही गटात शिरला नव्हता. हे कैदी तटस्थ राष्ट्रांच्या मंडळाकडे सोपवावेत, असा तोडगा त्याने १९५२ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या सभेत मांडला. रशियाने व चीनने तो झिडकारला. अमेरिकेलाही तो आरंभी रुचला नाही. पुढे जून १९५३ मध्ये थोड्या फेरफारांनी दोघांनाही त्याच वाटेवर यावे लागले.

मंडळात पोलंड व चेकोस्लोव्हाकिया एकीकडे झुकणारे, स्वीडन व स्वित्झर्लंड दुसरीकडे. पाचवे मत अध्यक्षांचे, म्हणजे थिमय्यांचे. बावीस हजारांहून अधिक कैद्यांवर पहारा भारतीय सैन्याचा होता. त्याचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात हे कोल्हापूरकडील. थिमय्यांचे ब्रह्मदेशातील जुने सहकारी. दक्षिण कोरियाच्या सरकारने या सैन्याला आपल्या भूमीवर पाऊल ठेवू दिले नाही. तेव्हा जहाजांवरून हेलिकॉप्टरने जवानांना छावणीच्या प्रदेशात उतरवावे लागले.

सप्टेंबरात संतप्त कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्यास कुंपणाआड ओढून नेले. थोरात निःशस्त्र आत गेले, जमावाशी शांतपणे बोलत राहिले आणि ग्रेवालांना सोडवून घेऊन आले. गोळीबार झाला असता, तर कितीजण प्राणास मुकले असते!

कैद्यांनी आपापल्या देशाच्या प्रतिनिधींचे म्हणणे ऐकावे आणि मग निर्णय घ्यावा, असे ठरले होते. अनेकांनी तंबूत येण्यासच नकार दिला. त्यांना फरफटत आणण्यास थिमय्या तयार झाले नाहीत. त्यामुळे उत्तरेचा पक्ष रागावला. जानेवारी १९५४ मध्ये मुदत संपली. तेव्हा त्यांनी कैदी ज्यांनी दिले त्यांच्याच स्वाधीन केले, मात्र त्यांना मुक्त ठरविण्याचा अधिकार मंडळाला नाही, असेही कळविले. त्यामुळे दुसरा पक्ष नाराज झाला. दोघेही रुष्ट झाले, यावरून पंच कसा होता ते ओळखावे. ऐंशींहून अधिक कैद्यांनी दोन्ही पक्ष नाकारले आणि ते भारतीय सैन्यासमवेत भारतात आले.

१९५७ ते १९६१ या काळात थिमय्या भारताचे सेनाप्रमुख होते. निवृत्तीनंतर, १९६४ साली, संयुक्त राष्ट्रांनी त्यांना सायप्रस बेटावरील शांतिसेनेचे प्रमुख नेमले. तेथे ग्रीक व तुर्क रहिवाशांत वैर पेटले होते. त्याच कामावर असताना १८ डिसेंबर १९६५ रोजी त्यांचे निधन झाले. पुढील वर्षी सायप्रसने त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट काढले.