निळं आकाश ते पावसाचं रडार : लॉर्ड रॅले



आपल्या रास अल खैरला पाऊस म्हणजे हिवाळ्यातले मोजके दिवस. पण जून उजाडला की आपल्यापैकी अनेकांच्या मोबाईलवर मुंबईच्या रडारचं चित्र उघडं असतं. लाल ठिपके घराकडे सरकले की लगेच आई-बाबांना फोन! 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं. हे चित्र ज्यांच्या गणितावर उभं आहे, त्यांची ही थोडक्यात ओळख.

जॉन विल्यम स्ट्रट, म्हणजेच तिसरे लॉर्ड रॅले, यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1842 रोजी इंग्लंडमधल्या एसेक्समध्ये झाला. तब्येत नाजूक, त्यामुळे शाळा सारखी बुडायची. तरीही 1865 मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते पहिले आले. आकाश निळं का, याचं गणित त्यांनी 1871 मध्ये मांडलं. कण लहरीच्या लांबीपेक्षा खूप लहान असेल, तर लांबी निम्मी केल्यावर विखुरणं 16 पट होतं. म्हणून तांबड्यापेक्षा निळा प्रकाश जास्त विखुरतो.

1872 मध्ये ते संधिवाताच्या तापाने गंभीर आजारी पडले. हवापालटासाठी नाईल नदीवर गेले आणि तिथेच ध्वनिशास्त्रावरचा मोठा ग्रंथ लिहायला घेतला. आजारपणाची रजा अशी कोण वापरतं सांगा! पुढे 1879 ते 1884 ते मॅक्सवेल यांच्या जागी केंब्रिजला प्राध्यापक होते. हवेतला नायट्रोजन रसायनांतून काढलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड का भरतो, याचा त्यांनी पिच्छा पुरवला. त्यातून 1894 मध्ये रॅम्से यांच्यासोबत आरगॉन वायू सापडला. 1904 चं नोबेल मिळालं, ती रक्कम त्यांनी केंब्रिज विद्यापीठाला दिली. 30 जून 1919 ला ते गेले. रडार त्यांनी पाहिलंच नाही.

पण गणित तेच! रडारची लहर 10 सेंटिमीटरची, थेंब काही मिलिमीटरचा. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की प्रतिध्वनी 64 पट. तेवढ्याच आकाराचा बर्फाचा कण पाण्याच्या साधारण पाचवा हिस्साच परत पाठवतो, पण वितळताना त्यावर पाणी चढलं की रडारवर एकदम चमकतो. डिश टीव्हीची लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची, म्हणून गावाकडे जोराच्या सरीत नेमकी मालिका रंगात आली की चित्र गायब!

तेव्हा येत्या जूनमध्ये ते रंगीत ठिपके पाहून घरी फोन लावाल, तेव्हा रॅलेसाहेबांची आठवण जरूर काढा.