ठाण्याचा एकाकी उपदेशक : जॉर्डानस

विखुरलेल्या मंडळीत काम करणाऱ्या उपदेशकास आपण अगदी एकटे आहो असे कधी कधी वाटते. एका वाडीत विश्वासणाऱ्यांचे एक घर, खाडीपलीकडे दुसरे, आणि पावसाळ्यात ती खाडी ओलांडणेही कठीण. अशा बंधूंनी जॉर्डानस ह्या मनुष्याची हकीकत अवश्य वाचावी. सुमारे सातशे वर्षांपूर्वी आपल्याच कोकणपट्टीच्या उत्तर भागी, ठाणे व सोपारे ह्या बंदरांत, तो सोबतीवाचून राहिला होता. मार्टिन लूथरच्या जन्मास तेव्हा दीडशेहून अधिक वर्षांचा अवकाश होता. म्हणून रोमी मंडळीचा संन्यासी एवढ्याच कारणाने त्याला कोणी दूर लोटू नये.

जॉर्डानस हा दक्षिण फ्रान्सकडील, डोमिनिकन संघाचा. त्याच्या काळी जग मोठ्या उलथापालथीत होते. यरुशलेम आपल्या हाती राहावे म्हणून यूरोपच्या राजांनी दोनशे वर्षे तलवार चालविली, आणि अखेर १२९१ साली अक्को हे त्यांचे शेवटचे मोठे ठाणे मिसरच्या सुलतानाने घेतले. इराणात मोगलांचे राज्य होते. त्यांचा राजा गाझान ह्याने १२९५ साली इस्लामाचा स्वीकार केला, तरी तब्रीझ शहरी इटलीचे व्यापारी व संन्यासी राहतच होते. १३१८ साली पोप बाविसावा जॉन ह्याने इराणातील सुलतानिया येथे महाधर्माध्यक्षाची गादी स्थापून ते काम डोमिनिकन संघाकडे दिले. इकडे आपल्या देशी त्याच साली देवगिरीच्या यादवांचे राज्य दिल्लीच्या सुलतानाने पुरते खालसा केले. ज्ञानेश्वरांनी समाधी घेऊन पंचवीस वर्षे लोटली होती व नामदेव हयात होते. ठाण्यास सुलतानाचा मलिक कारभार पाही व काजी न्याय करी.

१३२१ साली जॉर्डानस इराणी आखातातून हिंदुस्थानास निघाला. बरोबर फ्रान्सिस्कन संघाचे चौघे होते : तोलेंतिनोचा वृद्ध थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर, आणि तिफ्लिसचा देमेत्रियस, जो अनेक भाषा जाणत असल्याने दुभाष्याचे काम करी. त्यांना मलबारातील कोल्लम गाठावयाचे होते, परंतु तारू ठाण्यास लागले. तेथे सुरियानी मंडळीची पंधरा घरे होती. त्यांपैकी एकात त्यांना आसरा मिळाला. सोपाऱ्याकडे व पुढे भडोचकडे नाममात्र ख्रिस्ती झालेले लोक आहेत, त्यांना शिकविणारा कोणी नाही, असे कळताच जॉर्डानस तिकडे गेला. चौघे ठाण्यासच राहिले.

पुढे जे घडले त्याचा आरंभ एका घरगुती भांडणातून झाला. यजमानाने आपल्या बायकोस मारले. ती काजीकडे फिर्याद घेऊन गेली, आणि साक्षीदार कोण, असे विचारल्यावर तिने घरी उतरलेल्या परदेशी साधूंचे नाव सांगितले. तिघांस बोलावणे आले. पीटर सामानाजवळ घरी राहिला. मारहाणीची गोष्ट बाजूस पडून धर्माविषयी वाद सुरू झाला. महंमद पैगंबराविषयी तुमचे मत काय, हा प्रश्न पुन्हा पुन्हा घालण्यात आला, तेव्हा त्यांनी फार कठोर उत्तर दिले. बाजारात व एसटीत आपल्या बंधूंनाही असे प्रश्न कोणी चिडविण्यासाठी विचारतात. त्या साधूंचे धैर्य मोठे होते हे मान्य करूनही, ते शब्द सौम्य असते तर बरे झाले असते असे ह्या लेखकास वाटते. जेम्सला अग्नीत लोटले असता तो दोनदा सुखरूप बाहेर आला, असे जुने वृत्तांत सांगतात. मलिकाने त्यांना सोडलेही होते; पण काजीच्या आग्रहावरून रात्री माणसे पाठवून, ९ एप्रिल रोजी तिघांचा वध करण्यात आला. दोन दिवसांनी पीटरही मारला गेला. पुढे दिल्लीच्या सुलतानास हे कळले तेव्हा त्याने त्या मलिकास देहांताची शिक्षा दिली, असे ओडोरिक नावाच्या फ्रान्सिस्कन प्रवाशाने लिहून ठेवले आहे.

ही वार्ता ऐकून जॉर्डानस परत फिरला. एका जिनोवाच्या तरुणाच्या साह्याने त्याने चौघांची प्रेते सोपाऱ्यास नेऊन पुरली. (काही दिवसांनी ओडोरिकने त्या अस्थी उकरून चीन देशास नेल्या. आम्हांस अस्थींचे माहात्म्य नाही. परंतु एवढ्या दूर ओझे वाहणाऱ्याचे प्रेम नाकारता येत नाही.)

आता जॉर्डानस पळून गेला असता तर त्यास दोष कोणी दिला असता? तो गेला नाही. भडोच येथे त्याने सुमारे नव्वद जणांस बाप्तिस्मा दिला, नंतर आणखी वीस जणांस, आणि ठाणे व सोपारे ह्यांच्या दरम्यान पस्तीस जणांस. पुढे त्याने लिहिले आहे की, हिंदुस्थानात विश्वासात आणलेल्यांची संख्या तीनशेच्या सुमारास होती, व त्यांत मूर्तिपूजक व मुसलमान असे दोन्ही लोक होते. ठिकठिकाणी स्वतःस ख्रिस्ती म्हणविणारे काही लोक त्यास भेटले. त्यांना बाप्तिस्मा ठाऊक नव्हता, आणि प्रेषित थोमा हाच ख्रिस्त असे ते मानीत. शिक्षक नसला की मंडळीचे काय होते, ह्याचे ह्याहून दुःखदायक उदाहरण क्वचितच सापडेल.

त्याने तब्रीझच्या बंधूंस दोन पत्रे धाडली. एक ऑक्टोबर १३२१ मध्ये, दुसरे ठाण्याहून जानेवारी १३२४ मध्ये. पहिल्यात सोपारे, भडोच व कोल्लम ही तीन ठिकाणे दाखवून तो माणसे मागतो. दुसऱ्यात तुरुंग, मारहाण, उपासमार व आजार सोसून थकलेला मनुष्य बोलतो. आणि तेथेच तो अशी एक गोष्ट मागतो की ती वाचून मन खिन्न होते : पोपने ह्या समुद्रात दोन लढाऊ गलबते ठेवावी, म्हणजे मोठा लाभ होईल व मिसरच्या सुलतानाचे नुकसान होईल. हिंदुस्थानचा मिरी-मसाला अलेक्झांड्रियाच्या वाटेने यूरोपास जाई व त्यावरील जकातीने तो सुलतान धनवान झाला होता, म्हणून ही सूचना. तिच्यामागे त्याचे दुःख होते, हे खरे. परंतु तीनशे जणांस त्याने गलबतावाचूनच आणले होते. पावणेदोनशे वर्षांनी पोर्तुगीजांची तोफा लादलेली जहाजे ह्या किनाऱ्यास आली, १५१० साली गोवे त्यांच्या हाती गेले, आणि वधस्तंभाचे चिन्ह व परकी सत्ता ही लोकांच्या मनात एकत्र जडली. ती गाठ सोडविताना आजही आपल्या उपदेशकांचे किती शब्द खर्च होतात!

यूरोपास परतल्यावर त्याने ह्या देशातील नवलांचे एक छोटे लॅटिन पुस्तक लिहिले. मालवणच्या वाचकास ते परके वाटणार नाही. बारमाही फळणारा माड व त्याची ताडी, पाच माणसांस पुरे होईल एवढा फणस, शब्दांत न सांगता येणारी आंब्याची गोडी, हे सारे त्यात आहे. तारवांस खिळा नसून ती एका वनस्पतीच्या दोऱ्याने शिवलेली असतात, आणि पाणी उपसण्यास माणसे सदा त्यात उभीच असतात, असे तो सांगतो. तो दोरा काथ्याचा, हे आपल्याकडील पोरही ओळखील. मेलेल्या जनावरांचे मांस खाऊन इतरांची ओझी वाहणाऱ्या एका जातीचीही त्याने नोंद केली आहे. राजदरबारच्या इतिहासांत ज्यांचा उल्लेख कोणी करीत नसे, ते लोक ह्या परक्याच्या दृष्टीस पडले.

१३२९ च्या ऑगस्टात पोपने आव्हिन्यो शहरी त्यास कोल्लमचा धर्माध्यक्ष नेमिले, आणि पुढल्या वर्षी तेथील थोमाच्या ख्रिस्ती लोकांस त्याच्याविषयी शिफारसपत्र लिहिले. त्यानंतर समकालीन लेखांत त्याचे नाव येत नाही. १३४८ च्या सुमारास चीनहून परतणारा मारिन्योली नामक संन्यासी कोल्लम येथे वर्षाहून अधिक राहिला. तेथे लॅटिन मंडळीचे संत जॉर्जच्या नावाचे मंदिर उभे होते. त्यात त्याने उपदेश केला व भिंतींवर चित्रे काढविली. मिरीच्या उत्पन्नातून आपणांस किती पैसा मिळे, हेही तो लिहावयास विसरला नाही. जॉर्डानसचे नाव मात्र त्याच्या वृत्तांतात कोठेच नाही.